सातव्या नंबरचं गाणं

टक्.

पेनाचं टोपण टेबलावरून घरंगळलं आणि फरशीवर पडलं. आवाज तो केवढासा, पण भर दुपारच्या त्या शांततेत तिच्या काळजाचा ठोका चुकला. तिने श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. बाळाने भुवया उंचावल्या, ओठ हलवले, तक्रार करावी की जाऊ द्यावी याचा जरा विचार केल्यासारखं केलं आणि मोठ्या मनाने पुन्हा झोपलं. टोपण उचलायला ती काही वाकली नाही. बुधवार होता, ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानाला सुट्टी होती, थोरली शाळेतून यायला दीड तास होता आणि आठवड्याची यादी अजून सहाव्या नंबरावरच अडली होती.

ही यादी ती तेराव्या वर्षापासून करत आली होती. आठवडाभरात ऐकलेल्या नव्या गाण्यांतली आपल्याला आवडलेली दहा, उतरत्या क्रमाने. प्रत्येक गाण्यापुढे मागच्या आठवड्याचा नंबर, यादीत किती आठवडे झाले तो आकडा, आणि वर गेलं की खाली आलं ते दाखवणारा छोटा बाण. सतरा वर्षं, एकोणीस वह्या. मधे फक्त दोन आठवडे चुकले होते, एक वडील गेले तेव्हा आणि एक पहिल्या बाळंतपणात. दुसऱ्या बाळंतपणात तर तिने दवाखान्याच्या कागदाच्या पाठीवर यादी लिहिली होती, आणि नर्सबाईंना वाटलं होतं की ही औषधांची नावं लिहून घेतेय, काय ही जबाबदार बाई!

नियम कडक होते. गाणं नवं हवं, आठ आठवड्यांच्या आतलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत निदान तीनदा ऐकलेलं हवं. "ऐक गं, मस्त आहे" असं कुणी म्हटलं म्हणून ते एक पायरीसुद्धा वर चढवायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे दुसऱ्या कुणाचीही यादी बघायची नाही, पेपरातली नाही की फोनवरची नाही. दुसऱ्याची आवड डोळ्यांतून आत शिरली की आपली कुठली आणि त्याची कुठली हे ओळखू येत नाही, असं तिचं ठाम मत होतं. हल्ली ती कपड्यांच्या घड्या घालताना गाणी ऐकायची. एका कानात गाणं, दुसरा कान बाळासाठी मोकळा. त्यामुळे प्रत्येक गाण्याचा डावा अर्धा भाग तिने बाळाला देऊन टाकला होता, पण उजव्या अर्ध्यावर तिचा हक्क होता.

आता अडलं होतं ते सातव्या जागेवर. या आठवड्यात तीन दिवस लागोपाठ चिमणी, म्हणजे तिची सहा वर्षांची थोरली, अंघोळ करताना एक गाणं म्हणत होती. बंद दाराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहिलं की ऐकू यायचं:

साबणाला घर नाही,
साबण गेला पाण्यात.
पाण्याला घर नाही,
पाणी गेलं भोकात.
भोकाला विचारलं तर
भोक म्हणतं, मी नाही पाहिलं!

शेवटी बादलीवर दोन थापा आणि नळ सोडल्याचा आवाज. तिन्ही दिवस चाल तीच, शब्द तेच, थापाही दोनच. म्हणजे हे उगाच गुणगुणणं नव्हतं, बांधलेलं गाणं होतं. नवं होतं. तीनदा ऐकलं होतं. आणि कपड्यांच्या घड्या घालताना तेच ओठावर येत होतं, त्याला ती काय करणार? खरं तर ते चौथ्या जागेचं गाणं होतं. पण आपण तिची आई, म्हणून तीन नंबर कापले पाहिजेत, असा न्याय करून तिने लिहिलं: सात. साबणाला घर नाही. गायिका: चिमणी. साथसंगत: बादली आणि नळ. आणि पुढे 'नवीन' अशी खूण केली. उरलेली तीन गाणी मग सरसर उतरली. वही मिटून कपाटात ठेवली तेव्हा बाळ उठून बसलं होतं आणि पाळण्याच्या जाळीतून तिच्याकडे बघून हसत होतं.

सोमवारी दुकानात एक निवृत्त मास्तर आले. जवळचं वाचायचा नंबर वाढला होता. तिने त्यांच्या नाकावर तपासणीची चौकट चढवली, भिंगं बदलली आणि बारीक अक्षरांचं कार्ड हातात दिलं. मास्तरांनी ते बाजूला सारलं.

"हे मला पाठ आहे, बाई. दर खेपेला तेच. पाठांतरावर पास व्हायचं वय गेलं आता. पेपर द्या."

दुकानात कालच्या रविवारची पुरवणी पडली होती. दुकानाचे मालक ती घेत, पण ती स्वतः पुरवणी कधी उघडत नसे. तिचा धाकटा दीर त्याच पेपरात कामाला होता, ही पुरवणी तोच काढायचा, हे माहीत असूनही. मास्तरांनी पान उलटलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! आता मुंगीचे पायसुद्धा मोजीन. ऐका. 'वाचकांचा कौल. हजारो वाचकांच्या मतांतून निवडलेली आठवड्याची दहा नवी गाणी.'"

"मास्तर, दुसरं काही वाचा ना," ती घाईने म्हणाली.

"का? सगळ्यात बारीक अक्षर इथेच आहे."

ते दहाव्यापासून वर निघाले. दहावं ऐकून तिला गंमत वाटली, आपलंही दहावं तेच. नववं ऐकून वाटलं, योगायोग. आठवं ऐकताना तिच्या हातातला छोटा पेचकस थांबला. आणि मग मास्तर, एकेक अक्षर चाखत, म्हणाले, "सात. साबणाला घर नाही. गायिका, चिमणी. साथसंगत, बादली आणि नळ."

तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर तिथेच थांबले होते. "हे काय प्रकरण आहे ठाऊक नाही. काल दिवसभर माझी नात हे गाणं शोधतेय. कुठे म्हणून मिळत नाही. आम्ही दोघं चार महिने दर रविवारी ही यादी घेऊन बसतो आणि एकेक गाणं लावतो. नऊ गाणी ऐकावीत अशी असतात बरं का. पहिलं तेवढं नेमकं टाकाऊ! हजारो लोकांचं असंच होत असणार, शेवटी सगळ्यांनी मिळून माती खायची."

"पहिलं कुठलं आहे?" तिने विचारलं. 

त्यांनी सहाव्यापासून वर जात पहिलंही वाचलं. ते गाणं तिने एकदाच ऐकलं होतं आणि अर्ध्यात बंद केलं होतं. तिचं पहिलं गाणं, ज्याच्यासाठी तिने दोन आठवडे मनाशी वाद घातला होता, ते यादीत कुठेच नव्हतं. बाकी नऊ जशीच्या तशी, तिच्या क्रमाने.

"नाकावर नीट बसतंय ना?" तिने चौकटीची काडी सरळ करत विचारलं. 

पुरवणी तिने मालकांना विचारून पिशवीत टाकली. घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच प्रश्न होता. वही कपाटात असते. कपाट घरात असतं. घरात त्या कपाटापर्यंत हात पोचण्याइतकी उंची दोनच माणसांची.

त्यातला दुसरा, तिचा नवरा, संध्याकाळी कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा, माणसांना वरखाली नेण्याचं. मोजे काढत होता तेवढ्यात तिने पान समोर धरलं.

"सातवं वाच."

त्याने वाचलं आणि, करायला नको होतं ते केलं, हसला. "अगं, छापून आलं की! आपली चिमणी पेपरात!"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"सातव्याचं नव्हतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग मोज्यांकडे बघत बसला. "हे बघ, धाकट्याला पान भरायला काहीतरी हवं होतं. लोकांची मतं मागवली तर आली चार, त्यातली दोन छापखान्यातल्या वॉचमनची. बिचारा रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, फोटो काढून पाठवतो, हिची वही नाहीतरी पडलेलीच असते..."

"पडलेली?"

"म्हणजे कपाटात असते ना."

"तुझा दात घासायचा ब्रशही बेसिनवर पडलेलाच असतो. देऊ भाऊजींना?"

"आता हे कुठून कुठे नेतेस तू!"

"फोटो कधी काढायचास?"

त्याने मोज्यांची गुंडाळी केली. तिने पुन्हा विचारलं. "बुधवारी संध्याकाळी," तो पुटपुटला, "तू बाळाला अंघोळ घालतेस तेव्हा."

सोळा बुधवार. सोळा संध्याकाळी तिचे दोन्ही हात फेसात असताना हा माणूस कपाट उघडत होता. दार हळूच उघडत असणार, कारण त्या दाराची कडी वाजते. एरवी बाळ झोपलेलं असताना त्याला कडी न वाजवता कपाट उघडायला कधी जमलं नव्हतं!

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू पेपरातली यादी बघत नाहीस ना. तुझाच नियम आहे. म्हटलं, उगाच कशाला तुला..."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचाच नियम घेऊन त्याने तिच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती, आणि वर गाठ नीट बसली म्हणून समाधानी होता. "आणि पहिलं गाणं कोण बदलतं?"

"तो पेपरच्या मालकांच्या घरचा मामला आहे. त्यांचा जावई गातो."

"दर आठवड्याला?"

"नाही गं. कधी कधी जावयाचा मित्र गातो." तिचा चेहरा बघून त्याने सूर बदलला. "एवढं काय झालं पण? तुझी आवड हजारो लोक वाचतायत. अभिमान वाटायला हवा तुला."

"माझी?" तिने पान त्याच्या नाकासमोर नेलं. "दाखव. कुठे लिहिलंय माझी? बोट ठेव."

त्याला बोट ठेवायला जागा सापडली नाही. त्या दिवशी जेवताना दोघांमध्ये जे काही बोलणं झालं ते बाळामार्फत झालं. "बाबांना सांग, मीठ तिकडे आहे." बाळाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि थुंकीचा फुगा केला.

मंगळवारी संध्याकाळी दीर स्वतःच आला. एका हातात पोरांसाठी खाऊ, दुसऱ्या हातात जाडजूड पुडकं.

"वहिनी, रागावल्या असाल. बोला काय बोलायचं ते, पण नंतर. आत्ता आग लागलीय." तो खुर्चीच्या टोकावर बसला. "त्या साबणाने घात केला. कालपासून ऑफिसात फोनवर फोन. गाणं कुठे मिळेल, गायिका कोण, बादली आणि नळ ही कुठली मंडळी. संपादक म्हणाले मुलाखत घ्या! मी टोलवत बसलो. आता म्हणतात, मतांच्या चिठ्ठ्या आणा, बघू किती जणांनी लिहिलंय हे."

"छापण्याआधी तुम्ही वाचलं नाहीत?"

"काय वाचायचं? फोटो आला की वरचं एक नाव बदलतो आणि पुढे पाठवतो. तुमची यादी कधी चुकलीय का, वहिनी? डोळे मिटून विश्वास टाकला."

विश्वास! तिला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात त्याने पुडकं सोडलं. आत कोऱ्या चिठ्ठ्या होत्या, 'माझा कौल' असं छापलेल्या, आणि रबर लावलेली चार रंगांची पेनं.

"दोनशे पुरेत," तो म्हणाला. "तिघं बसलो तर तासाभरात होईल. अक्षर मात्र वेगवेगळं हवं. थोड्या डाव्या हाताने लिहू. वहिनी, तुमच्यासाठी जांभळं पेन आणलंय."

नवऱ्याने हिरव्या पेनाचं टोपण काढलंसुद्धा होतं.

"ठेव ते," ती म्हणाली. त्याने ठेवलं.

"भाऊजी, मला नीट समजावून सांगा. मी सतरा वर्षं एकटीने यादी केली. ती तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे उचललीत. डोकं काढून त्यावर दुसऱ्याचं डोकं बसवलंत. लोकांना सांगितलंत की ही हजारोंची आहे. आणि आता मी दोनशे माणसं बनून, डाव्या हाताने, लिहून देऊ की हो, ही आमचीच आहे?"

"असं म्हटलं की फारच वाईट वाटतं," दीर म्हणाला.

"मग कसं म्हणू? तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्ही सांगा."

"वहिनी, मला एक सांगा, तुमचं यात गेलं काय? गाणी तुमची नाहीत. चाली तुमच्या नाहीत. तुम्ही फक्त नंबर टाकलेत."

 हाच प्रश्न शाळेत मैत्रिणींनी विचारला होता, सासरी आल्यावर नवऱ्याने विचारला होता, कधी कधी तिने स्वतःही. "दिवसभर मला सगळे सांगतात काय हवंय ते," ती हळू म्हणाली. "बाळ सांगतं, चिमणी सांगते, गिऱ्हाइकं सांगतात. आठवड्यातून एकदा, पाऊण तास, मला मी विचारते की बाई, तुला काय आवडलं? त्याचं उत्तर आहे ते. ते तुम्ही नेलंत."

दीर कोऱ्या चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत बसला.

"मग खरं छापा," ती म्हणाली. "एका बाईची यादी म्हणून छापा. पहिला नंबर तिचाच."

"एका बाईची यादी कोण वाचणार हो?"

"चार महिने वाचतायतच की."

"हजारोंची म्हणून वाचतात!"

"नाही भाऊजी. माझं एक गिऱ्हाईक आहे, मास्तर. ते आणि त्यांची नात गाणी लावून ऐकतात. हजारोंनी सांगितलेलं पहिलं गाणं त्यांना टाकाऊ वाटतं. एका बाईने सांगितलेली नऊ आवडतात."

दीर ओशाळला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "माझी नोकरी जाईल, वहिनी."

हे ऐकून ती जरा निवली, आणि निवल्याबद्दल स्वतःवरच चिडली. पहिल्या बाळंतपणात दवाखान्याच्या पायरीवर दोन दिवस बसून राहिलेला हाच. चिमणीला सायकल शिकवताना गुडघे फोडून घेतलेला हाच. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसावर रागावणं किती सोपं असतं!

"मी संपादकांना पत्र लिहिते," ती शेवटी म्हणाली. "उद्या. तुम्ही चिठ्ठ्या भरल्या नाहीत आणि खरं सांगायला तयार झालात, तर तेही लिहीन. त्यातून तुम्हाला वाचवता येईल तेवढं वाचवीन. पण खोटं एक अक्षर लिहिणार नाही, उजव्या हाताने नाही की डाव्या हाताने नाही. हे पुडकं घेऊन जा."

पेनंही घेऊन जाताना तो दारात घुटमळला. "जांभळं ठेवू का?"

"घेऊन जा म्हटलं ना!"

बुधवारी दुपारी बाळ झोपलं आणि ती टेबलाशी बसली. वही कपाटातून काढलीच नाही. पुरवणीचं पान समोर पसरलं आणि पत्राला सुरुवात केली. 'गेले सोळा आठवडे आपण छापत असलेली यादी हजारो वाचकांची नसून माझी एकटीची आहे. पहिल्या क्रमांकाची गाणी मात्र माझी नाहीत, त्यांचं पाप माझ्या माथी येऊ नये.' हे वाक्य तिला फार आवडलं. पुढे तिने लिहिलं, 'यादी माझ्या घरातून चोरली गेली.' मग दवाखान्याची पायरी आठवली. 'चोरली' खोडलं आणि लिहिलं, 'मला न विचारता नेली गेली.' मग वाटलं, न विचारता हा शब्द चोरीपेक्षा हलका आहे कुठे? चोर निदान परका असतो. घरातल्याला विचारायला एवढे दिवस असतात, एवढ्या वेळा तो समोर बसून घास खातो, आणि तरी एकदाही तोंड उघडत नाही? तिने 'न विचारता'खाली दोनदा रेघ मारली. कागद फाटेल अशी.

शाळेतून आलेली चिमणी कधी शेजारी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. बूट हातात, कारण बाळ झोपलेलं.

"काय लिहितेस?" ती कुजबुजली.

"भांडण लिहितेय."

"कुणाशी?"

"काकांशी आणि बाबांशी. त्यांनी माझं एक काम मला न विचारता घेतलं आणि पेपरात छापलं."

चिमणीने डोळे मोठे केले. "तुझं होतं, माहीत होतं त्यांना?"

"हो ना."

"मग विचारायचं ना! तू काय लांब राहतेस?"

"तेच तर म्हणतेय मी!" तिला वाटलं, या घरात एक तरी शहाणं माणूस आहे. तिने लेकीला जवळ ओढून तिच्या घामेजल्या केसांवर गाल टेकला.

चिमणी तिच्या कुशीतून टेबलावर वाकली. नुकतं वाचायला आलं होतं, त्यामुळे समोर येईल ते वाचल्याशिवाय तिला राहवत नसे. छापलेल्या यादीवर बोट फिरायला लागलं. दहा, नऊ, आठ. आईच्या लक्षात येईपर्यंत बोट पुढे सरकलं होतं.

"सा-ब-णा-ला," चिमणीने वाचलं. "घ-र. ना-ही."

बोट थांबलं. ते पुढे गायिकेच्या नावावर गेलं, मग पुन्हा मागे आलं. आई तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायची वाट बघत होती. पेपरात नाव आलंय, आता ही नाचेल, बाळ उठेल.

चिमणी नाचली नाही. तिचे कान हळूहळू लाल झाले.

"हे माझं आहे," ती म्हणाली. "मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी दार लावून म्हणत होते."

"अगं, मला इतकं आवडलं ना ते. मी माझ्या वहीत..."

चिमणीने पुरवणीवरून नजर उचलली, दोन रेघा मारलेल्या शब्दावर ठेवली, तो मनातल्या मनात जुळवून वाचला, आणि मग आईकडे बघत विचारलं, "तू मला विचारून लिहिलं होतंस?"